प्राप्तिकराचा फॉर्म आणि आपण



मोगऱ्याचा वास सुटलेल्या संध्याकाळी प्राप्तिकराच्या फॉर्मावरचे व्याख्यान ऐकावयास आपण एवढ्या संख्येने जमला आहात, यावरून दोनच अनुमाने निघतात. एक तर आपली सहनशक्ती मोठी असली पाहिजे, किंवा ह्या विषयाची टोचणी मोठी असली पाहिजे. आम्हांस दुसरे अनुमान अधिक खरे वाटते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातल्या व्याख्यानांचा पायंडा घातला. रानड्यांनी अर्थशास्त्रावर विपुल लिहिले, तेव्हा पैशाचा विषय ह्या परंपरेत उपरा आहे असे कोणी म्हणणार नाही. शिवाय हे दिवसही सोयीचे आहेत. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलेले असते आणि विवरणपत्रे भरण्याची धांदल अजून सुरू झालेली नसते. घाईत जे सुचत नाही ते स्वस्थपणे सुचण्याचे हे दिवस होत.

विषय लहान आहे. विवरणपत्राचे अनेक नमुने असतात, त्यांतला आपला कोणता, एवढाच प्रश्न. पण ह्या लहान प्रश्नापाशी चांगल्या शिकलेल्या माणसांचे घोडे अडते. चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवलेले मास्तर, बँकेच्या हिशेबात एक पैशाची चूक न होऊ देणारे कारकून, मोठाल्या यंत्रांचे आराखडे काढणारे इंजिनिअर हे सगळे जुलै महिना आला की कोणा तरी ओळखीच्या माणसाच्या हाती आपला पासवर्ड ठेवतात आणि म्हणतात, "तुम्हीच काय ते भरून टाका." त्याने काय भरले, कोणता फॉर्म भरला, त्यात आपल्या नावावर काय लिहिले, हे पुष्कळांनी कधी पाहिलेलेच नसते.

ह्यात धोका कोणता? धोका असा की विवरणपत्राच्या शेवटी एक प्रतिज्ञा असते. वर लिहिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे, अशा अर्थाची ती असते, आणि ती करदात्याच्या नावाची असते. भरणारा कोणीही असो, बोलणारे आपणच ठरतो. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभर सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून लोकांना कराचा परतावा मिळवून देणारे आणि त्यातून आपले कमिशन कापून घेणारे मध्यस्थ हे त्या तपासणीचे लक्ष्य होते. अशा प्रकरणात परतावा ज्याच्या खात्यात आला, खुलासाही त्यालाच विचारला जातो. मध्यस्थाचा फोन त्या वेळी लागत नाही.

आम्ही सल्लागारांच्या विरुद्ध बोलत आहोत असा कृपा करून समज करून घेऊ नका. चांगला चार्टर्ड अकाउंटंट हा चांगल्या वैद्यासारखा असतो. पण वैद्याकडे जाणाऱ्यालाही आपले काय दुखते ते सांगावे लागते. आपण अर्धवट सांगितले तर औषधही अर्धवटच मिळते. आपला फॉर्म कोणता हे ओळखणे म्हणजे आपले काय दुखते ते नेमके सांगता येणे. आज एवढेच साध्य करावयाचे आहे.

आता लोक फॉर्म कसा ठरवतात ते पाहू. कोणी म्हणतो, "मी नोकरदार, म्हणून नोकरदारांचा फॉर्म." दुसरा म्हणतो, "माझे उत्पन्न थोडे, म्हणून सर्वांत छोटा फॉर्म." तिसरा म्हणतो, "गेल्या वर्षी जो भरला तोच." चौथा सर्वांत निश्चिंत, तो म्हणतो, "मला कर लागतच नाही, मग फॉर्म कशाचा?" ह्या चारही उत्तरांत थोडे थोडे खरे आहे, आणि म्हणूनच ती फसवतात.

चौथ्याचा समाचार आधी घेऊ, कारण ते उत्तर आजकाल फार ऐकू येते. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, हे खरे. पण तो शून्य होतो एका सवलतीमुळे, आणि सवलत ही हिशेब मांडल्यावर मिळावयाची गोष्ट आहे. त्याच पद्धतीत करमुक्त उत्पन्नाची मर्यादा मात्र चार लाखांची. चार लाखांच्या वर उत्पन्न गेले की विवरणपत्र भरण्याची जबाबदारी येते, मग शेवटी कर एक रुपयाही निघो वा न निघो. दुकानदाराने बिलात सूट दिली म्हणून बिल केलेच नाही असे होत नाही, तसेच हे.

उरलेल्या तिघांना एकच उत्तर आहे. फॉर्म तुमच्या हुद्द्यावरून ठरत नाही, आणि निव्वळ रकमेवरूनही ठरत नाही. तो मुख्यतः ठरतो पैसा कोणत्या दाराने घरात आला यावरून. पगाराच्या दाराने आला, घरभाड्याच्या दाराने आला, धंद्याच्या दाराने आला, की काही विकून आला? हा प्रश्न नीट विचारला तर निम्मे काम झाले असे समजा.

आणि हा प्रश्न आजचा नव्हे. १८५७ च्या उठावानंतर सरकारच्या तिजोरीला मोठी तूट आली, तेव्हा जेम्स विल्सन ह्या अर्थमंत्र्याने १८६० साली हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. त्या पहिल्याच कायद्यात उत्पन्नाचे चार वर्ग केलेले होते : जमीनजुमल्याचे, धंदा-व्यापाराचे, रोख्यांवरचे आणि पगार व पेन्शनचे. तो कर पाच वर्षांत बंद पडला, पुन्हा वेगवेगळ्या रूपांनी आला, १८८६ च्या कायद्याने स्थिरावला, आणि पुढे १९२२ चा व १९६१ चा असे कायदे झाले. वर्ग कमीजास्त झाले, नावे बदलली, पण "किती?" ह्या प्रश्नाच्या आधी "कोठून?" हा प्रश्न विचारण्याची रीत कायम राहिली.

१९६१ च्या कायद्यात अखेरीस उत्पन्नाची पाच सदरे राहिली, तीच आपण पाच दारे समजू. पहिले दार पगाराचे. स्वतःच्या नोकरीचे पेन्शनही ह्याच दाराने येते. दुसरे घराच्या मिळकतीचे, म्हणजे मुख्यतः भाड्याचे. तिसरे धंदा किंवा व्यवसायाचे. चौथे भांडवली नफ्याचे, म्हणजे जमीन, घर, सोने, शेअर, म्युच्युअल फंड असे काही विकून झालेल्या नफ्याचे. पाचवे दार "इतर" उत्पन्नाचे. बँकेचे व्याज, पतसंस्थेतल्या ठेवीचे व्याज, लाभांश, हे सगळे ह्या पाचव्या दाराने येते. एक बारीक भेद येथेच सांगून ठेवतो. पतीच्या मागे पत्नीला मिळणारे कौटुंबिक पेन्शन पगाराच्या सदरात जात नाही, ते "इतर" सदरात जाते. आमच्या भगिनींपैकी ज्यांना असे पेन्शन मिळते त्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण पेन्शन हा शब्द पाहून ती रक्कम चुकीच्या रकान्यात घालणे फार सोपे आहे.

आता नमुन्यांकडे वळू. आम्ही जे नियम सांगणार आहोत ते आकारणी वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ ह्या वर्षात मिळवलेल्या उत्पन्नाचे आहेत. हे वर्ष मुद्दाम घेतले आहे, कारण ते पुरे झालेले आहे आणि उदाहरणाला वर्ष एकच असलेले बरे. व्यक्तींसाठी त्या वर्षी चार नमुने होते.

पहिल्याचे नाव "सहज". भारतात रहिवासी असलेली व्यक्ती, एकूण उत्पन्न पन्नास लाखांपर्यंत, पगार किंवा पेन्शन, एकच घर, व्याजासारखे इतर उत्पन्न, आणि शेतीचे उत्पन्न असेल तर पाच हजार रुपयांपर्यंत, अशांसाठी तो होता. दुसरा नमुना धंदा किंवा व्यवसाय नसलेल्या, पण "सहज" मध्ये न मावणाऱ्या सर्वांसाठी. तिसरा धंदा-व्यवसाय असणाऱ्यांसाठी. आणि चौथ्याचे नाव "सुगम". धंदा तर आहे, पण खातेवह्यांचा बारीक हिशेब न मांडता कायद्याने ठरवून दिलेल्या प्रमाणात नफा गृहीत धरून कर भरावयाचा, अशा पन्नास लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या रहिवाशांसाठी तो.

नावे मोठी गोड आहेत. पण नाव "सहज" आहे म्हणून तो कोणीही सहज भरावा असे नव्हे. पायात घालावयाची वहाण हलकी आहे की जड, हे आधी पाहत नाहीत. आपल्या मापाची आहे की नाही हे पाहतात.

काही उदाहरणे घेऊ. माणसे कल्पनेतली आहेत, पण आपल्या वाड्यात, चाळीत, सोसायटीत ती रोज भेटतात.

एक निवृत्त मुख्याध्यापक घ्या. पेन्शन, राहते घर, ठेवींचे व्याज. त्यांना "सहज" बरोबर बसतो. आता त्यांच्या नावावर सातारा जिल्ह्यात वडिलोपार्जित जमिनीचा वाटा आहे आणि भाऊ दर वर्षी उसाच्या पैशांतून पन्नास हजार रुपये त्यांच्या वाट्याचे म्हणून पाठवतो, असे समजा. शेतीचे उत्पन्न करमुक्त असते, तेव्हा मुख्याध्यापक म्हणतात की ते दाखवण्याचे कारण नाही. येथे चूक होते. कर नाही हे खरे, पण दाखवावयाचे आहेच, आणि ते पाच हजारांच्या वर गेल्याबरोबर "सहज" चे दार बंद होते. त्यांचा नमुना दुसरा. आपल्याकडे शहरात राहून गावी जमीन असलेली कुटुंबे किती आहेत याचा विचार केला, म्हणजे ही चूक किती घरांत होत असेल हे ध्यानात येईल.

त्यांच्या शेजारी एक विमा एजंट राहतात. ते म्हणतात, "माझा धंदा लहान, मला सुगम पुरे." पण कमिशन किंवा दलालीवर चालणाऱ्या कामाला गृहीत नफ्याची सोय १९६१ च्या कायद्याने दिलेली नव्हती. त्यांचा नमुना तिसरा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला मात्र ती सोय होती. वर्षाची उलाढाल दोन कोटींच्या आत, आणि रोखीचा व्यवहार फारच थोडा, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींच्या आत असली, म्हणजे उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर सहा टक्के, एवढा तरी नफा धरून त्याला "सुगम" भरता येत असे. डॉक्टर, वकील, वास्तुशिल्पी अशा ठराविक व्यावसायिकांना जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून धरण्याची वाट होती. दहापर्यंत मालट्रक बाळगणाऱ्यालाही तशी एक वाट होती.

आता तरुण मंडळींकडे पाहू. मुलगा मोठ्या कंपनीत नोकरीला आहे, पगार चांगला आहे, म्हणून तो "सहज" उघडतो. पण रात्री जेवण झाल्यावर तो मोबाइलवर फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे करतो. त्याच्या मनाने तो नाद आहे, पण कायद्याच्या मनाने तो धंदा आहे, आणि त्याचा नमुना तिसरा. त्यात तोटा झाला असेल तर तो दाखवण्यात त्याचेच हित आहे, कारण मुदतीत आणि योग्य फॉर्मात दाखवलेला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वळता करता येतो. लाजेने लपवलेला तोटा मात्र दोनदा बुडतो.

त्याच्या बहिणीची गोष्ट निराळी. ती एका अमेरिकन कंपनीच्या येथल्या कचेरीत आहे, आणि कंपनीने तिला मूळ कंपनीचे काही शेअर दिले आहेत. ते तिने विकलेले नाहीत, एक पैसा हाती आलेला नाही. तरीही परदेशातली मालमत्ता तिच्या नावावर आहे, आणि रहिवासी माणसाच्या नावावर अशी मालमत्ता असली की "सहज" आणि "सुगम" दोन्ही बंद. दुसऱ्या नमुन्यात त्यासाठी स्वतंत्र परिशिष्ट असते. २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यात परदेशी मालमत्ता न दाखवण्याबद्दल दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद झाली. आमच्या पुण्या-मुंबईच्या हजारो घरांत अशी मुलेमुली आहेत. काळा पैसा हा शब्द आपल्याला कधी लागू होईल हे त्यांच्या स्वप्नातही नसते. ज्यांच्या घरात अशी मुले असतील त्यांनी आज रात्री जेवताना हा विषय काढावा.

गोव्यातून आलेले कोणी श्रोते असतील तर त्यांच्यासाठीही एक गोष्ट. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतली पतिपत्नींच्या सामाईक मिळकतीची पद्धत चालत आली आहे, आणि १९६१ च्या कायद्यातील पाच-अ ह्या कलमाने तिची दखल घेतली. पगार सोडून बाकीचे उत्पन्न अशा पतिपत्नींत निम्मेनिम्मे वाटून प्रत्येकाच्या नावे दाखवावयाचे. ही वाटणी दाखवण्याचे परिशिष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्यात असते, "सहज" मध्ये नसते. म्हणजे एकाच बँकेत, एकाच टेबलाशी, सारख्याच पगारावर काम करणाऱ्या दोन कारकुनांपैकी एक पुण्याचा आणि एक मडगावचा असेल, तर दोघांचे फॉर्म निराळे असू शकतात.

ह्यावरून आपल्या ध्यानात आले असेल की अडचण फॉर्मात कमी आणि आपल्या स्वतःविषयीच्या अपुऱ्या माहितीत जास्त असते. आपल्या घरात पैसा किती दारांनी येतो हे आपण कधी एका कागदावर मांडलेलेच नसते.

तेव्हा आमची सूचना अशी. फॉर्म उघडण्याच्या आधी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर सहा प्रश्न लिहावेत. त्या वर्षी मी भारतात रहिवासी होतो काय? पाच दारांपैकी कोणकोणत्या दारांनी मला पैसा आला? त्यात धंद्याचे किंवा व्यवसायाचे काही होते काय, आणि असल्यास मी वह्या ठेवतो की नफा गृहीत धरतो? वर्षात मी काही विकले काय? माझे एकूण उत्पन्न पन्नास लाखांच्या वर आहे काय? आणि शेवटचा प्रश्न, माझ्याबाबत काही वेगळी गोष्ट आहे काय? म्हणजे एखाद्या कंपनीचे संचालकपद, बाजारात नोंद नसलेले शेअर, परदेशातले खाते, दुसरे घर, मागच्या वर्षीचा ओढत आणलेला तोटा, पाच हजारांवर शेती. ह्या सहा प्रश्नांची खरी उत्तरे लिहून झाली की फॉर्म जवळजवळ आपोआप ठरतो. खात्याच्या संकेतस्थळावरही प्रश्न विचारून फॉर्म सुचवण्याची सोय आहे. पण प्रश्न यंत्राने विचारले तरी उत्तरे आपलीच असतात. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

येथे एक शंका येईल. खात्याकडे आमची सगळी माहिती आधीच असते, फॉर्मात पुष्कळसे आकडे भरूनच येतात, मग हा कागदाचा खटाटोप कशाला? आकडे भरून येतात हे खरे. कचेरीने दिलेला फॉर्म १६, आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा २६-एएस हा तक्ता, आणि २०२१ पासून मिळू लागलेले वार्षिक माहिती विवरण ही तीन कागदपत्रे समोर ठेवावीत आणि आपल्या कोऱ्या कागदाशी ताडून पाहावीत. पण ही तिन्ही दुसऱ्यांनी आपल्याविषयी दिलेली माहिती आहे. वरच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याकडून मिळणारे भाडे, गावाकडून आलेला उसाचा वाटा, ह्या गोष्टी तेथे बहुधा नसतात. उलट एखाद्या ठिकाणी दिलेल्या व्याख्यानाच्या मानधनातून व्यावसायिक फी म्हणून कर कापलेला असतो, आणि ती नोंद दिसत असताना आपण "सहज" भरला तर खात्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. आणखी एक गैरसमज जाता जाता दूर करू. फॉर्म १६ हे विवरणपत्र नव्हे. तो कचेरीने दिलेला दाखला आहे. तो कपाटात जपून ठेवला म्हणजे विवरणपत्र भरले असे होत नाही.

समजा, इतके करूनही फॉर्म चुकला. मग काय? भिण्याचे कारण नाही, पण स्वस्थ बसण्याचेही नाही. चुकीच्या नमुन्यातले विवरणपत्र खाते सदोष ठरवू शकते. १९६१ च्या कायद्यात कलम १३९ च्या नवव्या पोटकलमाखाली तशी सूचना येते आणि दोष काढण्यास पंधरा दिवस मिळतात. मागितल्यास मुदत वाढवून मिळू शकते. दोष काढला तर प्रकरण मिटते. नाही काढला, तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. मग उशिराचे शुल्क लागते, तोटा पुढे नेण्याचा हक्क जातो, आणि ज्यांचा जास्तीचा कर कापला गेला आहे त्यांचा परतावा अडकतो. परतावा अडकणे ही श्रीमंताला किरकोळ गोष्ट वाटेल. पण ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या एखाद्या विधवा बाईला ते आठ-दहा हजार रुपये म्हणजे दोन महिन्यांची औषधे असतात. सूचना येते ती ई-मेलवर, आणि ई-मेल असतो फॉर्म भरून देणाऱ्याचा. बाईंना पत्ताच नसतो. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो, की भरून कोणीही देवो, खात्यात नोंदलेला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक आपला किंवा आपल्या घरातला असावा. आणि भरल्यावर तीस दिवसांच्या आत पडताळणी करावी लागते, ही पायरी विसरू नये. ऑगस्ट २०२२ च्या आधी ह्यासाठी एकशेवीस दिवस मिळत. ती सवय अजून काहींच्या अंगात आहे.

वडीलधाऱ्यांसाठी कायद्याने थोडी सोय केली होती, तीही सांगतो. ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांना "सहज" किंवा "सुगम" कागदावर भरून देता येत असे. आणि २०२१ च्या एप्रिलपासून, पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्या ज्या रहिवाशांना केवळ पेन्शन आणि त्याच बँकेतले व्याज मिळते, त्यांनी ठराविक बँकेला लेखी निवेदन दिले की बँकच कर कापून घेई आणि विवरणपत्र भरावे लागत नसे. ही सोय पुष्कळांना ठाऊकच नव्हती. आपल्या बँकेत जाऊन तिची सध्याची स्थिती विचारावयास हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. आम्ही जे क्रमांक आणि ज्या मर्यादा सांगितल्या त्या पाठ करू नका. "सहज" मध्ये भांडवली नफ्याला मुळीच जागा नव्हती. नोंदलेले शेअर आणि शेअरांवरचे म्युच्युअल फंड विकून झालेला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा त्यात दाखवण्याची मुभा आकारणी वर्ष २०२५-२६ पासून मिळाली. म्हणजे आदल्या वर्षी ज्याचा नमुना दुसरा होता, त्याचा ह्या वर्षी पहिला झाला. "गेल्या वर्षी भरला तोच" हे उत्तर का टिकत नाही ते ह्यावरून कळावे. तारखांचेही तसेच. त्या वर्षीची ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबरपर्यंत आणि मग आणखी एका दिवसाने वाढली. कायदाही बदलला. १९६१ च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ चा नवा कायदा संमत केला. त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा. जुन्यात आठशे एकोणीस कलमे होती, नव्यात पाचशे छत्तीस. "आकारणी वर्ष" हा आपल्याला छळणारा शब्द जाऊन त्यात "कर वर्ष" आले. मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब मात्र जुन्याच कायद्याने. कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलतात. सहा प्रश्न बदलत नाहीत. क्रमांक त्या त्या वर्षी पाहून घ्यावा, प्रश्न मात्र पाठ असावेत.

कोणी म्हणेल, सरकारनेच हे इतके सोपे करावे की प्रश्नच पडू नये. ही मागणी रास्त आहे आणि ती करीत राहिले पाहिजे. गेल्या शतकाच्या अखेरीस "सरल" नावाचा एका पानाचा फॉर्म आला, पुढे "सहज" आणि "सुगम" आले. सोपेपणाची नावे आपण पुष्कळ पाहिली. पण आपले व्यवहारच जेथे गुंतागुंतीचे झाले आहेत तेथे फॉर्म एका मर्यादेपलीकडे सोपा होणार नाही. आजोबांचा पैसा एका दाराने येत असे. नातवाचा चार दारांनी येतो आणि एक दार परदेशात उघडते.

म्हणून शेवटी एक विनंती. आपल्या गावात वाचनालये आहेत, महिला मंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत. दर जूनमध्ये एक संध्याकाळ त्यांनी ह्या कामासाठी द्यावी. कोणाचाही पासवर्ड मागू नये, कोणाचे आकडे विचारू नयेत. फक्त कोरा कागद आणि सहा प्रश्न द्यावेत, आणि ज्याला कळते त्याने शेजाऱ्याला उत्तर लिहिण्यास मदत करावी. पुढे फॉर्म ज्याने त्याने भरावा किंवा सल्लागाराकडून भरून घ्यावा. पण तेथे जाताना तो कागद बरोबर असावा, आणि भरलेले विवरणपत्र पाठवण्याच्या आधी एकदा वाचावे. आपण काय मिळवले आणि ते कोठून मिळवले, हे राज्याला आपल्या तोंडाने सांगणे हा नागरिकाचा अधिकार आहे. तो दुसऱ्याला देऊन टाकण्याइतका स्वस्त नाही.